मुठेतील पानांवरचे जलकवक: मागील निष्कर्षाची दुरुस्ती

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुठा नदीत पडलेल्या पानांवर जलकवक (पाण्यात पाने कुजवणाऱ्या सूक्ष्म बुरशी) जवळजवळ उरलेलेच नाहीत, असे मी मागील नोंदीत लिहिले होते. ते विधान मला मागे घ्यावे लागत आहे.

या वेळी पावसाळा सरल्यावर करंजाची वाळलेली पाने मच्छरदाणीच्या जाळीच्या पिशव्यांत भरून एक पिशवी मुठेवरच्या टेमघर धरणाच्या वरच्या ओढ्यात आणि दुसरी शहरातल्या एका पुलाखाली, दगडाला बांधून, तीन आठवडे ठेवली होती. ओढ्यातली पाने बोटांनी दाबताच लिबलिबीत लागली आणि शिरांमधला भाग जागोजागी झिरझिरीत झाला होता. ती पाने काचेच्या बशीत ठेवून मत्स्यालयाच्या पंपाने दोन दिवस हवा सोडली, पाणी गाळणकागदातून गाळले आणि कॉटन ब्लू या निळ्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चार हातांचा ट्रायसेलोफोरस, सापासारखा लांब अँग्विलोस्पोरा लाँगिसिमा आणि चंद्रकोरीसारखा ल्युन्युलोस्पोरा, असे जलकवकांचे बीजाणू (ज्यांपासून नवे कवक उगवते ते सूक्ष्म कण) एकाच दृष्टिक्षेत्रात दिसले. १९४२ मध्ये कवकशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी इंग्लंडमधील ओढ्यातल्या अल्डर या झाडाच्या कुजक्या पानांवरून अशा कवकांचे सविस्तर वर्णन केले. चार हातांचा बीजाणू पानावर एकाच वेळी तीन टोकांनी टेकतो, त्यामुळे वाहत्या पाण्यातही तो सहज सुटत नाही. फेसातही हेच आकार अडकतात, म्हणून ओढ्याचा फेस चमच्याने गोळा करणे ही सूक्ष्मदर्शकाच्या आपल्या छंदातली सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

हीच युक्ती शहरात मला नडली. बंधाऱ्याखालचा पांढरा फेस बाटलीभर आणला, पण तो साबणाचा आणि सांडपाण्याचा निघाला. त्यात गाळाच्या कणांखेरीज फारसे काही नव्हते. शहरातल्या पिशवीवर कापसासारखे करडे झुपके लोंबत होते, त्यांना मी आनंदाने 'बुरशी' म्हणून टिपून ठेवले. चारशेपट वर्धनाखाली मात्र ते धागे फारच बारीक निघाले, आणि पारदर्शक नळीत गोळ्या ओळीने भराव्यात तशा पेशी त्यांत दिसल्या. बोलण्यात 'सांडपाण्याची बुरशी' म्हटले जाणारे हे बहुधा स्फेरोटिलस नावाचे जिवाणू असतात. सेंद्रिय मैला भरपूर आणि प्राणवायू कमी, अशा पाण्यात ते फोफावतात.

झुपके धुऊन टाकल्यावर खालच्या पानाचा तुकडा रंगवून पाहिला, तर त्याच्या आत जाड, आडवे पडदे असलेले कवकतंतू होतेच. म्हणजे कवक होते. शहरातल्या पानांच्या गाळलेल्या पाण्यात फक्त त्याचे बीजाणू नव्हते. प्रदूषणाचा घाव आधी बीजाणू तयार होण्यावर बसतो आणि तंतूंची वाढ त्यानंतरही रेंगाळत राहते, हे जस्त आणि कॅडमियमसारख्या धातूंच्या बाबतीत नोंदले गेलेले आहे. प्राणवायूचा तुटवडा आणि पानांवर बसणारा गाळ यांचाही फटका असतोच. शिवाय थोडी पोषकद्रव्ये वाढली तर पान उलट लवकर कुजते, त्यामुळे नुसत्या कुजण्याच्या वेगावरून नदीची प्रकृती ठरवणे फसवे आहे. जातींची संख्या घटते आणि हेलिस्कस लग्डुनेन्सिस या जलकवकासारखी सोशिक मंडळी टिकून राहतात. जर्मनीतल्या मान्सफेल्ड या जुन्या तांबे-खाणींच्या भागातील पाण्यात ही जात सापडली आहे. माझ्याकडे धातू मोजण्याची सोय नाही, त्यामुळे मुठेत नेमका कोणता घटक आड येतो यावर मी बोलणार नाही.

आधी उकळून गार केलेल्या पाण्यात शहरातली उरलेली पाने ठेवून हवा सोडली, तेव्हा दुसऱ्या दिवशी ल्युन्युलोस्पोराच्या मोजक्या चंद्रकोरी दिसल्या. स्वच्छ पाण्यात कवकाने पुन्हा उचल खाल्ली असे म्हणण्याचा मोह झाला खरा, पण ओढ्याच्या आणि शहराच्या दोन्ही बशांना हवेची एकच नळी आळीपाळीने लावली होती, म्हणजे त्या चंद्रकोरी ओढ्याच्या बशीतूनही आलेल्या असू शकतात, हे नंतर लक्षात आले. या आठवड्यात विठ्ठलवाडीजवळ तिसरी पिशवी बांधली असून प्रत्येक बशीसाठी वेगळी नळी आणली आहे.