ड्यूटी लिस्टमधला अर्धा तास

वॉर्डची इन्चार्ज झाल्यापासून मी मनुष्यबळ वाढवून मागत होते आणि 'प्रस्ताव विचाराधीन' हे उत्तर ठरलेलं होतं. एका अर्जाला तर मी 2002 सालचा अमेरिकेतला प्रसिद्ध अभ्यासही जोडला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली होती. प्रशासनाने तो वाचला, मान डोलावली आणि फाइल बाजूला ठेवली.

मग मी संख्येचा विषय थोडा बाजूला ठेवून आमचा वेळ जातो कुठे ते बघायचं ठरवलं. औषधांच्या ट्रॉलीवर एक वही ठेवली. रुग्णाजवळून उठून जावं लागलं की कारण लिहायचं, बस. सिस्टर लोक आधी वैतागल्या ("लिहायलाही आम्हीच का?"), आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण वही भरू लागली तशी गंमत कळली. रिपोर्ट आणायला, स्टोअरमधून औषध आणायला, चादरींसाठी जाणं, हे अपेक्षितच होतं. सगळ्यात जास्त वेळ मात्र दोन डॉक्टरांच्या ऑर्डर जुळवण्यात जात होता. एकाच रुग्णाला हृदयाचे डॉक्टर पाणी कमी द्या म्हणतात, दुसऱ्या विभागाची सलाईन चालूच असते, आणि रात्री फोन लावत बसते ती सिस्टर. विभागांमध्ये समन्वय नसला की ती पोकळी परिचारिका स्वतःच्या वेळेने भरते. हे कुठल्याच कागदावर येत नव्हतं. वहीत आलं.

वही घेऊन मेट्रन मॅडमकडे गेले, तिथून बैठकीत. पहिला निर्णय सोपा होता: प्रत्येक रुग्णाचा एक मुख्य डॉक्टर, बाकीच्यांचा सल्ला त्याच्यामार्फत ऑर्डरमध्ये येणार. कागदावर सोपा, म्हणजे. अमलात यायला बरीच कुरबुर झाली.

दुसरं होतं एसबार (SBAR), म्हणजे डॉक्टरांना रुग्णाची अवस्था कळवायची ठरलेली पद्धत. स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली सूचना, या क्रमाने बोलायचं. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधली ही पद्धत पुढे रुग्णालयांनी उचलली. आधी फोनवर "सर, पेशंट बरा वाटत नाहीये" असं चालायचं. आता: "शस्त्रक्रियेचा पहिला दिवस, बीपी 90/60, नाडी 124, लघवी कमी झालीय. आतून रक्तस्राव होत असावा असं वाटतं. तुम्ही लगेच येऊन बघा." पहिले दोन भाग सगळ्यांना जमले. अडलं ते तिसऱ्या-चौथ्यावर. "निदान करणं आपलं काम नाही," असं वर्षानुवर्षं ऐकलेल्या सिस्टरला 'मला असं वाटतं' म्हणायला लावणं सोपं नाही. काही डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या आल्याच. एका वरिष्ठ सर्जनने मात्र राऊंडला सर्वांसमोर विचारलं, "सिस्टर, तुमचा अंदाज काय?" त्यानंतर माझं निम्मं काम आपोआप झालं.

हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला देणं, आम्ही टेबलावरून खाटेशी नेला. नाजूक माहिती टेबलावरच सांगायची, बाकी रुग्णासमोर. नातेवाईक मधेच म्हणतात, "ती गोळी तर सकाळी बंद केली ना?" आणि कित्येकदा त्यांचंच बरोबर असतं.

पण खरी लढाई वेळेची होती. तिन्ही पाळ्या एकमेकींना टेकून लावलेल्या. एक संपते त्याच मिनिटाला दुसरी सुरू, म्हणजे हँडओव्हर कुणाच्या वेळेत? घरी जाणाऱ्या सिस्टरच्या. तो ड्यूटीत धरा, एवढीच मागणी होती आणि तिलाच सर्वांत जास्त विरोध झाला, कारण त्यात पगाराचे तास येतात. अखेर दिवसाच्या पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचा ओव्हरलॅप मिळाला. सोबत नाईट उतरलेल्या सिस्टरला त्याच दिवशी ईव्हनिंग न लावण्याचं लेखी मान्य झालं, आणि ड्यूटी लिस्टही आता आधीच लागते. मुलांच्या शाळेची सभा असो की घरातलं आजारपण, सिस्टरना आधी ठरवता येऊ लागलं आणि ऐनवेळच्या रजा कमी झाल्या.

रात्रीचा ओव्हरलॅप अजून मिळालेला नाही. सध्या भांडण डिस्चार्जवर चालू आहे. घरी जाताना कोणती औषधं चालू, कोणती बंद, हे फार्मासिस्टने आधीच्या यादीशी ताडून बघावं असा माझा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या औषधसुरक्षा मोहिमेत, रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तो टप्पा मुद्दाम अधोरेखित केलेला आहे. फार्मासिस्ट म्हणतात, त्यांच्याकडेही माणसं कमी आहेत. मी त्यांनाही एक वही दिली आहे.