मेटल की टिश्यू? चौपन्नाव्या वर्षी घेतलेला निर्णय

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच होत्या, हे कळायला वयाची चौपन्न वर्षं जावी लागली. शिरोलीच्या वर्कशॉपमध्ये जिना चढताना दम लागायचा, पण तो मी वयावर ढकलत होतो. एकदा लेथसमोर उभ्याउभ्या अंधारी आली आणि मुलानं टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. कॅल्शियम साचून झडप पार आखडली होती. ऑपरेशनबद्दल दुमत नव्हतंच. प्रश्न एवढाच होता की व्हॉल्व्ह मेटलचा बसवायचा की टिश्यूचा.

सर्जननी दोन्ही नमुने टेबलावर ठेवले. मेटलच्या व्हॉल्व्हमध्ये कार्बनच्या दोन अर्धगोल पाकळ्या होत्या. बोटानं हलवल्या की बारीक टिक असा आवाज. जन्मभर मशिनिंग केलेल्या माणसाला तो फिनिश बघूनच पटतो. दुसरा होता जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणातून शिवलेला, मऊ, तीन पाकळ्यांचा. पहिला सहसा झिजत नाही, पण रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर. दुसऱ्याला ती गोळी कायमची लागत नाही, पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत खराब होऊ शकतो, आणि वय जितकं कमी तितका लवकर.

माझं वय नेमकं मधलं. अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पन्नाशीच्या आत कल मेटलकडे, पासष्टीच्या पुढे टिश्यूकडे, आणि मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. युरोपच्या २०२१ च्या सूचना तर साठीच्या आत मेटलकडेच झुकतात. म्हणजे पुस्तकातून उत्तर मिळणार नव्हतं.

बायकोचं मत स्पष्ट होतं. ती म्हणाली, "अहो, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. सत्तरीला परत छाती उघडायची म्हणजे तुम्हाला झेपणार आहे का?" तिची भीती खोटी नव्हती. पहिल्या ऑपरेशननंतर हृदय आतून छातीच्या हाडाला चिकटू शकतं. दुसऱ्यांदा हाड कापताना धोका असतो तो तिथंच.

आमच्या घरात मेटलचा व्हॉल्व्ह आहे. लहानपणच्या संधिवाताच्या तापानं मावशीची मायट्रल, म्हणजे हृदयातली दुसरी एक झडप गेली, तेव्हा तिला चित्रा व्हॉल्व्ह बसवला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं तो घडवला आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला. आत एकच तबकडी, तीही खास प्लॅस्टिकची. मावशी आजही ठणठणीत आहे. पण तिच्या गोळ्यांचा डबा मी पाहिलाय. आज एक, उद्या अर्धी, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहावा म्हणून सारखं रक्त तपासणं. मेथी-पालक बंद नाही, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असंही चालत नाही. दाढ काढायची तरी आधी डॉक्टरांना फोन. ती शिस्तीची बाई आहे, म्हणून तिनं हे निभावलं.

माझं काम धातूच्या चिप्स, ग्राइंडर आणि धारदार कडांचं. हाताला काही लागलं नाही असा आठवडा जात नाही. शिवाय धंद्यात जेवणाची वेळ चुकते तिथं गोळीची चुकणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. आणि मेटलच्या व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर तो अचानक अडकू शकतो. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या का नाहीत, असं मी विचारलं. त्या मेटलला चालत नाहीत. त्यांतल्याच डॅबिगाट्रान या गोळीचा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता. तेही दार बंद झालं. दुसरीकडे माझ्या हृदयाचे ठोके नियमित होते. ते अनियमित असते तर गोळी तशीही सुटली नसती आणि टिश्यूचा मोठा फायदाच गेला असता.

मग दुसऱ्या वेळेचं काय? सर्जन म्हणाले, पुढं कदाचित छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येईल. हे ऐकल्यावर मला सुचला तो कारागिराचा प्रश्न. बुशमध्ये (धातूच्या नळीत) दुसरा बुश मारला की आतला बोअर, म्हणजे भोक, कमी होतो. मग रक्त जायला जागा उरेल का?

ते जरा थांबले. कागद ओढला आणि दोन गोल काढले. मला बसेल त्या व्हॉल्व्हचं माप १९-२१ मिलिमीटरच्या आसपास येत होतं. लेबलवर २१ असलं तरी प्रत्यक्ष मार्ग त्याहून अरुंद असतो. त्यात पुढं आणखी एक बसवला तर दम लागणं परत सुरू होऊ शकतं. उपाय पहिल्याच ऑपरेशनमध्ये करायचा असतो: महाधमनीचं मूळ चिरून, पॅच लावून रुंद करायचं आणि मोठा व्हॉल्व्ह बसवायचा. त्यानं ऑपरेशन लांबतं, थोडा धोकाही वाढतो. शिवाय मांडीतून जमेलच अशी खात्री त्यांनी दिली नाही. हृदयाच्या धमन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत, हेही तेव्हा सीटीवर बघावं लागणार.

माझा निर्णय त्या कागदावर झाला: टिश्यूच, पण मूळ रुंद करून. बायकोलाही मी तोच कागद दाखवला. मेटल घेतला तरी दुसरं ऑपरेशन शंभर टक्के टळतं असं नाही, संसर्ग किंवा गुठळी झाली तर तोही बदलावा लागतो, हे सर्जननी तिला समोर बसवून सांगितलं, तेव्हा ती तयार झाली.

पॅच लावून २३ नंबरचा टिश्यू बसला. सुरुवातीचे तीन महिने मलाही रक्त पातळ करायची गोळी होती. तेवढ्यातही आयएनआर दोनदा वर गेला आणि दाढी करताना कापलेलं लवकर थांबेना. आता फक्त अ‍ॅस्पिरिन आणि दरवर्षी इको. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक मात्र दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हना लागतंच. ताप रेंगाळला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) करायचं, हे मी आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या फाइलवर लिहून ठेवलंय. व्हॉल्व्हच्या कार्डाचा फोटो बायको आणि मुलगा, दोघांच्या मोबाइलमध्ये आहे. कंपनी, मॉडेल आणि नंबर त्यावर आहेत, आणि पुढच्या सर्जनला आतलं माप त्यावरूनच काढावं लागेल.