तुम्ही विचारलंत म्हणून: द्राक्षवेलीवरच्या भुरी रोगाचं औषध तिच्यावरच्या केवडा रोगाला का लागू पडत नाही?

ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी होते, फूट चार-सहा पानांवर येते आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. त्यानंतरच्या आठवड्यात द्राक्षवाल्यांचा ठरलेला प्रश्न येतो: "भुरी बुरशी, केवडाही बुरशी. मग ज्या बुरशीनाशकानं भुरी आटोक्यात येते, त्यानं केवडा हलत का नाही? औषध बोगस होतं का?"

बहुतेक वेळा औषध चांगलंच असतं, ते भलत्याच जीवावर पडलेलं असतं. भुरी खरी बुरशी. केवडा दिसतो बुरशीसारखा, जगतोही तसाच, पण त्याचं घराणं वेगळं. त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी लागतं. खरी बुरशी तर वंशावळीत वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ बसते. म्हणजे भुरीला केवड्यापेक्षा आपण जवळचे! हे ऐकून लोक हसतात, पण फवारणीचा हिशेब इथूनच सुरू होतो.

आधी पान हातात घ्या. केवड्याचा डाग वरून फिकट पिवळा, तेलाचा थेंब पडल्यासारखा दिसतो. पान उलटं केलं की त्याच डागाच्या बरोबर मागे पांढरी, कापसासारखी लव असते. भुरी पानाच्या दोन्ही अंगांना येते, राख भुरभुरल्यासारखी. अंगठ्यानं पुसली तर निघते आणि खाली तपकिरी रेषांची बारीक जाळी दिसते. केवड्याची लव पुसून पाहा, पिवळा डाग जागेवरच राहतो. रोग पानाच्या आत आहे.

तरीही शंका राहिली तर एका रात्रीत निकाल लागतो. डब्याच्या तळाशी ओला करून पिळलेला कागदी रुमाल ठेवा, त्यावर डागाचं पान पालथं घाला, झाकण घट्ट लावून डबा घरातच अंधारात ठेवा. सकाळी डागाच्या मागे ताजी लव फुटली असेल तर केवडा आहे आणि जिवंत आहे. वाळून तपकिरी झालेला डाग यासाठी घेऊ नका, त्यावर काहीच येत नाही आणि "रोग गेला" असं वाटून फसगत होते. रुमालातून पाणी गळत असेल तर पानच सडतं. भुरीसाठी पारदर्शक चिकटपट्टी पांढऱ्या भुकटीवर दाबायची, काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून त्यावर चिकटवायची आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठं करून पाहायचं. पिंपांची रांग लावावी तसे एकावर एक रचलेले बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, दिसतात, प्रत्येक साधारण ३० मायक्रॉन लांब (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). केवड्याच्या लवेत मात्र काटकोनात फांद्या फुटलेली, झाडासारखी दिसणारी तंतूंची रचना आणि टोकांना अंडाकार पिशव्या.

आता अंगाची रचना. खऱ्या बुरशीचं शरीर म्हणजे कवकतंतू: बहुधा २ ते १० मायक्रॉन जाडीची, टोकालाच वाढत जाणारी नळी. अशा नळ्यांचं जाळं म्हणजे कवकजाल. तोंड नाही, पोट नाही. पाचक रस बाहेर सोडायचे आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं. भुरी तर पानाच्या पृष्ठभागावरच पसरते. आत उतरतात ती फक्त तिची शोषकांगं, तीही वरच्या थरातल्या पेशींपुरती. नळीची भिंत कायटिनची, म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं तेच द्रव्य. भुरीच्या नळीत ठरावीक अंतरावर आडपडदे असतात, पडद्याला मधोमध भोक. पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ.

केवड्याची नळी वरकरणी तशीच. पण भिंतीत सेल्युलोज आणि ग्लुकान, आडपडदे जवळजवळ नाहीत, आणि एर्गोस्टेरॉल तो बनवतच नाही. हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, मायक्लोब्युटॅनिल ही भुरीवरची औषधं, सगळी ट्रायाझोल गटातली मंडळी, एर्गोस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवतात. जिथे गिरणीच नाही, तिथे पट्टा काढून काय उपयोग? तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

उलट बाजूनंही तसंच. मेटॅलॅक्झिल केवड्याच्या घराण्यातलं आरएनए बनवणारं यंत्र बंद पाडतं, डायमेथोमॉर्फ आणि मँडीप्रोपॅमिड सेल्युलोजची भिंत बांधू देत नाहीत. भुरीला त्यांचं सोयरसुतक नाही. दोघांवर चालणारी औषधं आहेत, उदाहरणार्थ ॲझॉक्सिस्ट्रॉबिन. ते पेशीतला श्वसनाचा टप्पा अडवतं आणि तो टप्पा दोघांकडेही आहे. पण ज्या औषधाचा एकच नेम असतो, त्याला चकवायला एक बदल पुरतो. मेटॅलॅक्झिल पाठोपाठ मारत राहिलं की आठवड्या-आठवड्याला नवी पिढी काढणाऱ्या रोगात न मरणारेच उरतात. म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करणाऱ्या मॅन्कोझेबची जोड दिलेली असते आणि म्हणूनच औषधाचा गट, म्हणजे त्याची मारण्याची तऱ्हा, बदलत राहायचं असतं. दुकानदार नाव बदलून देतो, गट तोच असतो. डब्यावरचा घटक वाचा.

गंधकाचं प्रकरण साधं आहे. भुरी पानाच्या बाहेर उघडी बसलेली, त्यामुळे ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेतलं तरी तिला भिडतं. ऊन ३५ अंशांवर गेलं असेल तर तेच गंधक पान जाळतं.

पुनरुत्पादन समजलं की कोणता रोग कधी येणार हे हवेवरून ओळखता येतं. केवडा रात्री कामाला लागतो. हवेतली आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर आणि किमान चार तास अंधार मिळाला की पानाच्या खालच्या रंध्रांतून, म्हणजे श्वास घेण्याच्या बारीक छिद्रांतून, त्याचे झाडासारखे तंतू बाहेर येतात. टोकाची पिशवी उडून ओल्या पानावर पडते आणि फुटते. आतून बहुधा चार ते आठ चलबीजाणू निघतात. प्रत्येकाला दोन शेपट्या, एक केसाळ, एक गुळगुळीत. पाण्याच्या पातळ थरात पोहत ते रंध्रापाशी जातात, शेपट्या टाकतात, अंगाभोवती भिंत घेतात आणि नळी आत घालतात. पान दोन-तीन तास ओलं राहिलं तरी एवढं उरकतं. २० ते २५ अंशांत पाच-सात दिवसांनी नवा तेलकट डाग दिसतो. रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला आहेत, तेव्हा वरवर फवारा उडवून केलेली फवारणी निम्मी वाया.

हा झाला अलैंगिक मार्ग. लैंगिक मार्गात दोन वेगळ्या जोडप्रकारांची (जणू नर-मादी) कवकजालं पानाच्या आत भेटतात आणि जाड भिंतीचा बीजाणू तयार होतो. तो गळलेल्या पानाबरोबर मातीत जातो आणि पुढच्या हंगामाची वाट पाहतो. रोगट पानं बागेबाहेर काढायला सांगतात ती यासाठी.

भुरीला पाण्याचा थर नको असतो. पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत, जोराच्या पावसानं धुऊनही जातात. ती वाऱ्यावर पसरते. २० ते २७ अंश, ढगाळ हवा आणि दाट फूट हा तिचा काळ. कोवळ्या मण्यावर बसली तर सालीचा वरचा थर मारते, मणी आतून वाढतो, साल ताणत नाही आणि मणी तडकतो. तिच्या लैंगिक अवस्थेत जेमतेम ०.१ मिलिमीटरचे, आकडेदार केसांचे काळे ठिपके तयार होतात. आतल्या पिशव्यांत, म्हणजे धानींत, बीजाणू असतात. त्यावरूनच ती धानीकवकांत मोडते. यीस्ट आणि पेनिसिलियम तिचे भाऊबंद. अळंबी, तांबेरा आणि उसाची चाबूककाणी ही गदाकवकं. त्यांचे बीजाणू गदेसारख्या पेशीवर बाहेरून येतात. ब्रेडवर काळे ठिपके धरणारी बुरशी तिसऱ्याच गटातली.

गोंधळ जुन्या पुस्तकांनी घातलाय. केवडा आणि ब्रेडवरची बुरशी दोघांच्या नळ्यांत पडदे नाहीत, म्हणून दोघांना "शैवलकवक" या एकाच खणात कोंबलं होतं. जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ साली कवकांना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली. आता केवड्याचं घराणं कवकांच्याही बाहेर गेलं आहे. शेतातली नावं मात्र दिसण्यावरून पडलेली, ती बदलणार नाहीत. टोमॅटोचा लवकर येणारा करपा खरी बुरशी, उशिरा येणारा करपा केवड्याचा चुलतभाऊ. दोघांना "करपा" म्हणून एकच औषध मागितलं की फसलात. बाजरीचा गोसावी रोग आणि आल्याची कंदकूज करणारं पिथियमही याच घराण्यातलं.

केवड्यावरचं जुनं औषध बोर्डो मिश्रण. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी ते १८८५ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर केलं. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या एका पिंपात ५० लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा. दुसऱ्यात थोड्या पाण्यात चुना विझवा, गार होऊ द्या, गाळा आणि ५० लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता, ढवळत ढवळत. उलटं केलंत तर कण जाड होतात, नोझल तुंबतं. लोखंडी भांडं वापरू नका. कोवळ्या फुटीला एक टक्का जड जातो, तिथे अर्धा टक्काच. शेवटी घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा राहिलाय, थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा बुडवा. पातं स्वच्छ निघालं की फवारणीला घ्या आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा.