नकाशात चढणारी नदी

सातवीच्या वर्गात आमच्यासमोर महाराष्ट्राचा जो नकाशा टांगलेला असे, त्यात आमचा लातूर जिल्हाच नव्हता. कापडावर चिकटवलेला आणि वर-खाली काळ्या लाकडी दांड्या असलेला तो नकाशा बराच जुना होता. त्यात १९६० सालचे २६ जिल्हे तसेच होते आणि पुस्तकात मात्र सिंधुदुर्ग, जालना, लातूर व गडचिरोली धरून ३० झाले होते. भूगोलाच्या सरांनी उस्मानाबादच्या पोटातून शाईच्या पेनाने एक रेघ ओढून १९८२ साली वेगळा झालेला आमचा जिल्हा स्वतःच्या हाताने काढला होता. नकाशाच्या गुळगुळीत कागदावर शाई धरत नसे, त्यामुळे दर जूनमध्ये ती रेघ नव्याने ओढावी लागे आणि दर वर्षी जिल्ह्याचा आकार थोडा बदलत असे. एका वर्षी तर निलंगा थोडक्यात हद्दीबाहेर राहिले होते आणि निलंग्याला मामा असलेल्या एका मुलाने त्याबद्दल रीतसर तक्रार केली होती.

शीर्षक, दिशा, सूची आणि प्रमाण ही नकाशाची अंगे आम्हाला तोंडपाठ होती. त्यांपैकी दिशा सर्वांत सोपी, असा आमचा समज होता, कारण उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला उत्तर येते हे शेतात वावरणाऱ्या मुलांना शिकवावे लागत नाही. मात्र हीच मुले वर्गात बसली आणि सरांनी ‘उत्तर कुठे?’ असे विचारले की साठ हात छताकडे जात. नकाशात वर उत्तर आणि खाली दक्षिण, मग उत्तर छताकडे नसेल तर कुठे असेल?

या ‘वर’ने आमचा फार घोटाळा केला. आमचे गाव मांजरेच्या काठचे. घरी आजी ‘वर पाऊस झालाय, पाणी येईल’ असे म्हणे तेव्हा तिचा ‘वर’ बीडच्या अंगाला, म्हणजे मावळतीकडे असे. माळावर गुरे ‘वर’ नेली जात, तो ‘वर’ चढाचा. त्यांत शाळेने तिसरा ‘वर’ आणून ठेवला, तो उत्तरेचा. घरात हे तिन्ही शब्द गुण्यागोविंदाने नांदत होते, पण मांजरा नदी नकाशात शोधायची वेळ आली तेव्हा ते एकमेकांच्या अंगावर आले.

महाराष्ट्राच्या नकाशात मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून उजवीकडे आणि जराशी खाली सरकत लातूर जिल्ह्यातून जाई आणि कर्नाटकाच्या हद्दीवर पोहोचताच नाहीशी होई, कारण हद्दीपलीकडे नकाशात नुसता पांढरा कागद होता. मग नांदेड जिल्ह्याच्या उजव्या कडेला, बिलोलीच्या बाजूला, तेवढीच निळी रेघ खालून येऊन गोदावरीला मिळे. या दोन नद्या आहेत, असे आम्ही बरीच वर्षे धरून चाललो होतो. सरांनी भारताचा नकाशा टांगून छडीने ती रेघ बिदरवरून पुढे आंध्रात (तेव्हा तो भाग आंध्रातच होता) नेली आणि मेदक जिल्ह्यात तिला सरळ उत्तरेकडे वळवून निजामसागराच्या धरणातून गोदावरीपर्यंत पोहोचवली, तेव्हा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, नदी वर कशी चढली?’

सर हसले नाहीत. आज वाटते की त्यांच्या मास्तरकीचा सगळा मोठेपणा त्या न हसण्यात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक मोठा बटाटा आणला. तो उभा चिरून अर्धा भाग टेबलावर पालथा घातला आणि हा डोंगर असे जाहीर केले. मग पट्टीने एकसारखे अंतर मोजून त्याच्या आडव्या चकत्या केल्या आणि सर्वांत खालची, म्हणजे सर्वांत मोठी चकती कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. तिच्या जागी तिच्याहून लहान, मग आणखी लहान, अशा चकत्या ठेवत गेल्यावर कागदावर एकात एक बसलेल्या पाच वेड्यावाकड्या रेषा उमटल्या. बटाट्याची एक बाजू उभी होती, तिथे रेषा खेटून आल्या होत्या. दुसरी बाजू पसरट होती, तिथे त्या ऐसपैस होत्या. समोच्चरेषा हा शब्द त्यांनी त्यानंतर सांगितला. उंची या रेषांत असते, कागदाच्या वरच्या कडेला ती नसते, एवढे एकच वाक्य ते बोलले. मांजरेचा उगम समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून उंच आहे आणि ती गोदावरीला मिळते तिथली जमीन साडेतीनशे मीटरांच्या आसपास आहे. पाणी त्या रेषा एकेक ओलांडत उतरते, मग तोंड उत्तरेला असो की दक्षिणेला. तासानंतर त्या चकत्या कोणी न्यायच्या यावरून जे भांडण झाले, ते मात्र भूगोलात बसण्यासारखे नव्हते.

प्रमाण शिकवताना त्यांनी पुन्हा मांजराच घेतली. एक दोरा ओला करून तो नदीच्या रेघेवर वळणावळणाने बसवायचा, मग ताणून पट्टीवर मोजायचा आणि प्रमाणाने गुणायचा. आमच्या दोऱ्याने नदी सहाशे किलोमीटरांच्याही आत भरली. पुस्तकात ती ७२४ किलोमीटर होती. आम्ही दोऱ्याला दोष दिला, दोन गटांनी पुन्हा मोजले, तरीही ती भरेना. तेव्हा सरांनी विचारले की आपल्या गावाच्या खाली नदी घोड्याच्या नालासारखी वळते, ते वळण नकाशात कुठे आहे? ते कुठेच नव्हते. एवढ्या लहान कागदात नदी बसवायची तर अशी वळणे सरळ करावीच लागतात, आणि ती सरळ केली की त्या वळणांतली लांबी गळून पडते. आपल्या पोहण्याचा डोह नकाशात गळाला, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी नकाशा खिळ्यावरून काढून पटांगणात जमिनीवर अंथरला, काठीच्या सावलीवरून दिशा ठरवून तो फिरवून ठेवला आणि आम्हाला त्याच्याभोवती उभे केले. नकाशातले लातूर आणि खरे लातूर एकाच बाजूला आल्यावर उत्तर छतावरून उतरून शाळेच्या विहिरीमागे गेली. भिंतीवरचा नकाशा दुरून सगळ्या वर्गाला दिसतो ही त्याची सोय खरी, पण दिशांचा पहिला पाठ जमिनीवरच व्हायला हवा, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. आता फोनमधला नकाशा गाडी वळेल तसा स्वतःच फिरतो आणि त्यात वर म्हणजे उत्तरही नसते, आपण जिकडे निघालो ती बाजू असते. हा चौथा ‘वर’ माझ्या मुलीला जन्मापासून येतो.

दोन वर्षांपूर्वी तिला घेऊन मी कंदकुर्तीला गेलो होतो. मांजरा आणि गोदावरीचा संगम तिथेच आहे. पाण्याला फारसा वेग नव्हता. फोन हातात धरून, उत्तरेकडे तोंड करून मी तिला समोच्चरेषांपासून सगळे नीट समजावून सांगितले आणि तिने ते पहिल्या झटक्यात समजून घेतले. ती फोटो काढायला पुढे गेल्यावर मी पुन्हा एकदा नदीकडे पाहिले. मला अजूनही ती चढतानाच दिसत होती.