सोळा सेकंद मागचा आवाज

"साहेब, माझाच प्रश्न आत्ता वाजतोय हो!" थेट कार्यक्रमात तज्ज्ञ बोंडअळीवर बोलत असताना मधेच फोनवरचे काका ओरडले. त्यांनी कानाला एक मोबाइल लावला होता, आणि शेजारी दुसऱ्यावर आमचंच प्रक्षेपण चालू होतं.

एका सामुदायिक रेडिओचं ऑनलाइन काम मी बघतो. स्टुडिओतून आइसकास्ट या ऑनलाइन प्रक्षेपणाच्या सर्व्हरवर ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ हजार बिट) ऑग ऑपस या ऑडिओ फॉरमॅटमधला प्रवाह जातो. क्रोममध्ये तो छान वाजतो, जुन्या आयफोनच्या सफारीत मात्र ढिम्म. म्हणून सर्व्हरवरच एफएफएमपेग हे रूपांतराचं सॉफ्टवेअर तो उचलून त्याचे दोन एमपी३ करतं: एक १२८ चा, दुसरा गावाकडच्या रडतखडत नेटसाठी ३२ चा मोनो. एमपी३ला जुनाट म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत, तो कुठल्याही ब्राउझरमध्ये बिनबोभाट वाजतो.

उशीर होतोय म्हटल्यावर सगळ्यांनी बोट रूपांतराकडे दाखवलं. एफएफएमपेगच्या लॉगमध्ये तर वेग सरळ १एक्स दिसत होता, म्हणजे आवाज येईल त्याच वेगाने काम चालू होतं. मग स्टुडिओत टाळी वाजवायला सांगितली आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. १२८ वर टाळी साधारण पाच सेकंदांनी आली, ऑपसवर नऊ, आणि ३२ वर चक्क सतरा. दोन्ही एमपी३ एकाच प्रक्रियेतून निघतात, मग दोष तिचा कसा? आणि सगळ्यात हलका प्रवाहच सगळ्यात मागे?

कोडं सुटलं आइसकास्टच्या कॉन्फिगमध्ये. श्रोता जोडला की प्लेअर लगेच सुरू व्हावा म्हणून सर्व्हर त्याला ताजा साठा एकदम देतो. तो ठरतो 'बर्स्ट-साइज'ने, मूळ सेटिंगमध्ये ६५,५३६ बाइट. मोजमाप बाइटचं, सेकंदांचं नाही! हंडा तोच, धार बारीक: १२८ ला तो चार सेकंदांत भरतो, ६४ ला आठ, ३२ ला सोळा. प्लेअर त्या साठ्याच्या सुरुवातीपासून वाजवतो आणि तेवढाच कायम मागे राहतो.

३२ च्या प्रवाहापुरता तो आकडा १६,३८४ केला. उशीर चारवर आला, पण कमजोर नेटवाल्यांचा आवाज तुटायला लागला, आणि हा प्रवाह तर त्यांच्यासाठीच. शेवटी ३२,७६८ वर थांबलो, म्हणजे आठ सेकंद. निवेदिकेला तेही जास्तच वाटतात. फोन जोडण्याआधी ती आता श्रोत्याला आमची वेबसाइट बंद करायला लावते.