गिटार : डावा हात घरी, उजवा हात क्लासमध्ये

बराच काळ घरच्या घरी व्हिडिओ पाहून गिटार वाजवल्यानंतर गेल्या दिवाळीपासून मी आठवड्यातून एकदा क्लासला जाऊ लागलो. आता पुढच्या सत्राची फी भरायची वेळ आली आहे, म्हणून कोणत्या गोष्टी स्वतःच्या बळावर जमल्या आणि कोणत्या सरांमुळे, याचा जमाखर्च येथे मांडत आहे. सध्या ओपन कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर; ओपनमध्ये काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात) अदलाबदल विनासायास होते, एफची बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून वाजवायची) बहुतेक वेळा स्वच्छ वाजते आणि आठ मात्रांच्या केरवा तालातली गाणी मेट्रोनोमच्या (ठोके देणाऱ्या यंत्राच्या) मिनिटाला ८० ठोक्यांवर न अडखळता पार पडतात. सहा मात्रांच्या दादरा तालाचे मात्र अजून काही खरे नाही. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की तारा दाबणाऱ्या डाव्या हाताला शिक्षक नसला तरी निभावते, तारा छेडणाऱ्या उजव्या हाताला मात्र तो लागतोच. (डावखुऱ्यांनी हे उलटे वाचावे.)

डाव्या हाताचे बिनसले की ते तिथल्या तिथे ऐकू येते. तार नीट दाबली गेली नाही तर ती खरखरते किंवा मुकी होते, आणि एकेक तार सुटी छेडून पाहिली की नेमके कोणते बोट ढिले आहे हेही कळते. एफची कॉर्ड मी याच रीतीने बसवली. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या बाजूवर किंचित कलती ठेवायची, म्हणजे पेरांमधल्या खळग्यात तार अडकत नाही. बोट फ्रेटपट्टीला (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) जवळजवळ खेटून ठेवायचे. आणि सुरुवात पहिल्या फ्रेटऐवजी पाचव्यावर करायची. ६४८ मिलिमीटर स्केलच्या (म्हणजे मोकळ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर पहिल्या फ्रेटची जागा सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असते, तर पाचव्याची सुमारे २९, म्हणजे बोटांना ताण कमी पडतो. शिवाय नटला (दांड्याच्या टोकाशी तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तिला) लागून तार दाबायला अधिक जोर लागतो, तो त्रासही पाचव्या फ्रेटवर नसतो. तिथे हीच ठेवण ए मेजर वाजवते. ती स्वच्छ वाजू लागली की एकेक फ्रेट नटकडे सरकत जायचे. एवढे करूनही पहिल्या फ्रेटवर दाद मिळत नसेल, तर हाताला बोल लावण्याआधी गिटार एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवावी, कारण नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर तारा उंच राहतात आणि मग एफ कुणालाच धड वाजवता येत नाही.

उजव्या हाताची गोष्ट निराळी आहे. लय ढळली तरी वाजवणाऱ्याला ती ढळल्यासारखी वाटत नाही, कारण तो मनातल्या मनात गाणे पुढे नेत असतो आणि हात त्या गाण्यामागे धावत असतो. स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकणे हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे आणि तो उपयोगी आहेच. पण ध्वनिमुद्रण लय घसरल्याचे सांगते, ती का घसरली हे सांगत नाही. माझ्या बाबतीत सरांनी ते कारण कानांनी नव्हे, डोळ्यांनी शोधले. डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप हा सर्वांच्या ओळखीचा स्ट्रमिंगचा, म्हणजे सगळ्या तारा एकत्र छेडण्याचा, नमुना घ्या (डाऊन म्हणजे हात खाली, अप म्हणजे वर). चार ठोक्यांच्या आवर्तनात तिसऱ्या ठोक्यावर आघात नसतो, तरीही मनगट खाली यायलाच हवे, फक्त तारांना न लागता. माझे मनगट नेमके तिथे थबकत होते आणि पुढच्या अपसाठी घाई करत होते. सरांनी गिटार बाजूला ठेवायला लावून नुसता हात हलवत ‘धागेनती नकधिन’ म्हणायला सांगितले. आठ मात्रांचा हिशेब मांडला की हा नमुना पहिली, तिसरी, चौथी, सहावी, सातवी आणि आठवी मात्रा वाजवतो. आघात चुकवलेला तिसरा ठोका पाचव्या मात्रेवर येतो, आणि केरव्याचा काल (तालातली हलकी, ‘खाली’ची जागा) तिथेच असतो. तबल्याचे बोल कानावर पडत वाढलेल्या माणसाला ही मात्रा मोजून द्यावी लागत नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या व्हिडिओंत हा दुवा मिळणे शक्य नव्हते, आणि मला स्वतःला तो कधी सुचला असता असे वाटत नाही.

मात्र क्लासच्या मर्यादाही आहेत. आमच्याकडे ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या ग्रेड परीक्षांना धरून शिकवतात. त्या चौकटीमुळे तंत्राला शिस्त लागते, पण आपल्या गाण्यांना संगत कशी करायची हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात येतच नाही. यमनच्या अंगाचे एखादे भावगीत घ्या. सी हा स्वर षड्ज मानला तर नवशिक्यांना पढवलेल्या सी-एफ-जी या त्रिकुटातली एफ मेजर तिथे खटकते, कारण तिचा मूळ स्वरच शुद्ध मध्यम आहे आणि यमनला तीव्र मध्यम हवा. त्या जागी डी मेजर घेतली की तीव्र मध्यम तिच्या पोटातच असतो आणि गाणे एकदम खुलते. सोबत ई मायनर आणि जी मेजरही शोभतात. भैरवीत याच षड्जावर सी मायनर, डी फ्लॅट मेजर आणि एफ मायनर यांवर बरेच काम भागते. हे सगळे मी पेटीवर एकेक स्वर तपासत घरी शोधले. त्यात दिवस गेले, पण शोधलेली कॉर्ड पुन्हा विसरली जात नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

स्वयंशिक्षणाच्या बाजूने बोलताना जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचे नाव हटकून घेतले जाते. १९२८ साली त्यांच्या राहत्या गाडीला लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली आणि उरलेल्या बोटांनिशी त्यांनी स्वतःचे तंत्र उभे केले, हे खरेच आहे. पण ते लहानपणापासून वाजवणाऱ्यांच्या गोतावळ्यात वाढले होते, एकट्याने खोलीत बसून शिकले नव्हते. दुसरीकडे पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर हिंदुस्थानी संगीत आणले ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन. गुरूचे वाद्य वेगळे होते, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवर पट्टी सरकवत त्यातून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) कशी काढायची, हा प्रश्न शिष्यालाच सोडवायचा होता. ‘क्लास की स्वतः’ या वादात मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

या हिशेबाने पुढच्या सत्रात मी क्लास सोडत नाही, पण त्याचा वापर बदलतो आहे. कॉर्ड, स्केल आणि गाणी बसवणे घरी. क्लासचा पूर्ण वेळ उजव्या हाताला. सरांनीही हे आनंदाने मान्य केले, फक्त दर पंधरा दिवसांनी एक गाणे अखेरपर्यंत, मध्ये न थांबता वाजवून दाखवायचे अशी अट घातली. पहिले काम दादऱ्याचे आहे. सहा मात्रांत डाऊन-अप आलटून पालटून घेतले तर चौथ्या मात्रेवर अप येतो आणि काल अगदी हलका पडतो. डाऊन-अप-अप असे तीन-तीनचे गट केले तर तो जड होतो, पण वेग वाढल्यावर मनगट अवघडते. सर पहिल्या पद्धतीच्या बाजूचे आहेत, मला दुसरी अधिक गोड लागते. ज्यांनी दादरा ९० ठोक्यांच्या पुढे नेला आहे त्यांनी कोणती पद्धत ठेवली, हे अवश्य कळवावे.