ओटीपी सांगू नका म्हणे!

मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी ती सायबर फसवणुकीची टेप ऐकायला लागायची, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून. ऐकून ऐकून पाठ झाली. आणि त्याच काळात आपल्या सांगलीत कुठल्याही ई-सेवा केंद्रात जाऊन बसा, दिवसभर लोक एकमेकांना ओटीपीच सांगत असायचे.

विश्रामबागला मित्राचं केंद्र आहे, संध्याकाळचा मी तिथं चहाला असतो. लाडकी बहीणच्या केवायसीच्या दिवसांत तर विचारू नका. बाईच्या आधारचा एक ओटीपी, नवऱ्याच्या नाहीतर वडलांच्या आधारचा दुसरा, आणि आधारला नंबर कुणाचा जोडलेला? कधी पोराचा, कधी दिराचा, कधी कुणाचा तेच आठवत नाही. एक मावशी स्पीकर लावून पुण्यातल्या पोराशी बोलत होत्या.

"आला का रं?"

"थांब की आई, मीटिंगमधी हाय."

"आरं पण त्यो लगीच जातोय म्हणं!"

मग पोरगा कुजबुजत सहा आकडे सांगतोय, मावशी ते मोठ्यांदा परत म्हणतायत, मित्र टाइप करतोय आणि बाकावरची सगळी जण ऐकतायत. एका आजोबांनी तर "चार न्हवं, सात म्हणला त्यो" अशी दुरुस्ती पण केली.

यात मावशींचं काय चुकलं सांगा. सगळी कामं आकडा सांगूनच होणार अशी व्यवस्था करायची आणि मग सांगू नका म्हणून टेप लावायची. जो आकडा तोंडानं सांगता येतो तो कधी ना कधी सांगितला जाणारच, असं माझं म्हणणं आहे. ओटीपीवरनं एवढंच कळतं की तो आकडा ह्या घडीला कुणाच्या तरी हाताला लागलाय. माणूस कोण, ते कळत नाही. आणि नंबर म्हणजे काय फोन नव्हे, कुणी तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं की मेसेज तिकडं, आणि बंद पडलेला जुना नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालातरी मिळू शकतो. तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं एसएमएसवरच्या कोडला २०१७ च्या नियमावलीतच जरा जपून वापरायच्या खात्यात टाकलं होतं.

सिम बदललं की आपल्याकडं २४ तास एसएमएस बंद ठेवतात ते ह्याच भानगडीमुळं, लोक उगाच कंपनीच्या नावानं बोटं मोडतात. आता रेंज जाणं ही काय आपल्याकडं बातमी नाही, शिराळ्याच्या वर गेलं की तर संपलंच. पण घरात त्याच कंपनीच्या बाकीच्या सिमला रेंज आहे आणि फक्त तुमचंच गेलंय, तर कुणीतरी तुमचं डुप्लिकेट सिम काढलेलं असू शकतं, वाट बघत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरनं कंपनीला आणि बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० ला.

गंमत म्हणजे ह्याच्यापेक्षा बरी पद्धत आपण रोज वापरतोय. यूपीआयचं ॲप नवीन फोनवर टाकलं की ते आपल्या सिमवरनं स्वतःच एक मेसेज पाठवतं, सिमला बॅलन्स नसला की अडतं बघा तिथंच. त्यावरनं बँकेला कळतं की हा नंबर ह्याच फोनमध्ये आहे. आपण काय टाइप करत नाही, त्यामुळं सांगायला पण काय नसतं. वर पिन वेगळा.

पासकी ह्याच्या पण पुढची, म्हणजे पासवर्ड-ओटीपीच्या ऐवजी फोनच्या लॉकनंच लॉगिन करायची सोय. गूगल, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून हिच्या मागं लागलेत. साइटवर पासकी केली की दोन डिजिटल किल्ल्या बनतात, एक साइटकडं जाते, दुसरी तुमच्याकडंच राहते, साइटला कधीच दिसत नाही. लॉगिन करताना साइट एक कोडं पाठवते, तुम्ही अंगठा लावला की फोन त्याच्यावर गुपचूप सही करून परत देतो. अंगठ्याचा ठसा फोनच्या बाहेर पडतच नाही. आणि खोट्या साइटच्या पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फोन सही करत नाही, आपल्या डोळ्याला फरक दिसो न दिसो. भामट्यानं फोन करून पासकी सांगा म्हटलं तर आपल्यालाच ती माहीत नाही, सांगणार काय कप्पाळ!

रिझर्व्ह बँकेचे नवीन नियम पण १ एप्रिल २०२६ पासून आलेत, त्यात बँकांना एसएमएस सोडून दुसरे मार्ग वापरायला मोकळीक आहे. ओटीपी बंद नाही, पण तोच एक असं राहिलं नाही.

अडचण आहे ती आपल्या घरात. फोन एक, पॅटर्न सगळ्या घरादाराला माहीत, आणि बोटं म्हणाल तर नवऱ्याचं, पोरीचं, गेमसाठी नातवाचं पण घातलेलं. ज्याचं बोट त्या फोनमध्ये आहे तो पासकीच्या दृष्टीनं तुम्हीच. फोन हरवला तर पासकी बहुतेक वेळा गूगल किंवा ॲपलच्या खात्यातनं नवीन फोनवर उतरते, पण त्या खात्याचा रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं परत मिळवायला दिलेला नंबर, जुना बंद सिमचा असला तर बसा बोंबलत. तेव्हा आधी सेटिंगमध्ये जाऊन किती जणांची बोटं आहेत ते बघा, रिकव्हरी नंबर चालू आहे का बघा, आणि मग गूगल खात्याला पासकी लावून घ्या. लई वेळ लागत नाही.